गाठ आणि वर्षाचे गहू

माझ्या मानेतली गाठ काढली तेव्हा आम्ही वाशीत नवे होतो. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सोसायटीतल्या बायकांनी टीबीपासून गालगुंडापर्यंत सगळी निदानं करून टाकली होती आणि प्रत्येकीकडे आपापला लेप तयार होता. मान पिवळीधमक झाली, गाठ मात्र ढिम्म. शेवटी खाडीपलीकडे मुंबईच्या इस्पितळात जावं लागलं.

काढलेली गाठ तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम आत बोलावलं.

"मी हे आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. तुम्हाला बघायचंय?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आडव्या कापलेल्या कांद्यात असतात तशी एकात एक जांभळी वर्तुळं, आणि त्यांच्या मध्यात शिरलेली बारीकशी रक्तवाहिनी. मी थक्क झाले. आले होते घाबरत, आणि आता डोळा काढवेना. इतकं सुबक काहीतरी माझ्या मानेत चाललं होतं आणि मी वरून हळद थापत बसले होते!

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "लसीकाग्रंथींचा फार दुर्मीळ आजार आहे. कदाचित पुन्हा कधीच येणार नाही. कदाचित वर्षभरात अंगभर गाठी येतील. खरं सांगू? मला माहीत नाही."

एवढ्या शिकलेल्या बाईनं असं सरळ सांगावं, याचंच नवल वाटत राहिलं. परतीची बस खाडीच्या पुलावर आली तेव्हा मात्र भीती परत आली. मुलगी अजून बोबडं बोलत होती. तिला माझा चेहरा आठवेल एवढी ती मोठी होईपर्यंत तरी मी असेन का?

उन्हाळ्यात देशावरून वर्षाचे गहू आले. सासूबाईंनी ते गच्चीवर वाळवले. मी ह्यांना हळूच म्हटलं, "यंदा थोडेच भरू या. बाकीचे वाटून टाकू." हे गहू पसरत राहिले. सासूबाईंनी मात्र ऐकलं.

"वर्षाचं म्हंजी वर्षाचं," त्या म्हणाल्या आणि एरंडेलाची वाटी माझ्यापुढं सरकवली. कीड लागू नये म्हणून गव्हाला ते चोळून ठेवायचं असतं.

मला संताप आला. घरात कुणी उच्चारत नव्हतं ते मी बोलून टाकलं.

"आणि मीच नसले तर?"

हे खाडीकडे बघायला लागले. सासूबाईंचे हात थांबले नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी दंडाला पुसलं.

"नसलीस तर मी रडंन. आन् हेच गहू दळून पोरीला पोळ्या घालीन. सांगंन तिला, तुज्या आईनं चोळल्यात. आता हात चालव."

 मी तळहातांना तेल लावलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले.