माझ्या पत्रिकेत मंगळ नव्हता

माझ्या धाकट्या बहिणीच्या पत्रिकेत मंगळ आहे, माझ्या पत्रिकेत नाही. या एका गोष्टीवरून मी पंचवीस वर्षं तिच्यावर जळते आहे.

गणितात मी तिच्यापुढे होते. अडलं की ती माझ्याकडेच वही घेऊन यायची. पण मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना देवगाव फाट्याजवळचं स्थळ आलं, पत्रिका जुळली आणि माझं कॉलेज संपलं. तिची पत्रिका मात्र जाईल तिथून परत यायची. आई रडायची. वडील म्हणायचे, "मंगळाचा पोरगा मिळंस्तोर शिकू द्या तिला." तो काही मिळाला नाही आणि ही परभणी, पुणे करत परदेशात पोचली. आता अभ्यास कशाचा करते, तर मंगळाचाच! ज्यानं सुटका केली तोच पगारही देतो. इतके लाड कुणाचे व्हावेत?

यंदा दिवाळीत ती आली आणि सोनपेठजवळच्या आमच्या माहेरच्या गावानं तिचा सत्कार ठरवला. परिचय करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. करंज्या लाटता लाटता मी तिला विचारलं, "नेमकं करतीस काय तू?"

"आक्का, मंगळावर दिवसा उन्हानं हवेतले कण फुटतात. ते वरच्या वर रात्रीच्या बाजूला वाहत जातात, तिथं पुन्हा एकमेकांना भेटतात. त्या भेटण्यातून उजेड निघतो. अतिनील. डोळ्याला दिसत न्हाई, यानावरच्या यंत्राला दिसतो."

"मावशी, मग रोज सारखाच उजेड असतो का?" माझ्या मुलीनं विचारलं. तीही आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि तिलाही सेलूचं स्थळ आलंय. बहिणीचं सांगणं मला एका झटक्यात कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सत्काराच्या फ्लेक्सवर तिच्या फोटोशेजारी यानानं टिपलेला, तो उजेड हिरव्या रंगात दाखवलेला मंगळ छापला होता. मी तिच्या पदव्या भराभर वाचल्या आणि म्हणाले, "ती ज्या उजेडाचा अभ्यास करते, तो कुणालाच दिसत नाही. हा हिरवा रंगसुद्धा वरून भरलेला आहे." यंत्राचं मुद्दाम गाळलं.

पुढच्या रांगेतले एक आजोबा ओरडले, "मंग माय, न दिसणारं बघायचा पगार देतेत व्हय तुला?"

सगळा मांडव हसला. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. तीही हसली आणि यंत्राचं तिनंच सगळ्यांना समजावून सांगितलं. आक्का सांगायचं विसरली, असंही म्हणाली नाही. तिच्या त्या मोठेपणाचाही मला राग आला.

मांडवातून निघताना सेलूचं स्थळ आणणाऱ्या मामांनी आम्हा दोघी बहिणींना गाठलं. "पोरीची पत्रिका द्या की. उद्याच दाखवतो."

पत्रिका माझ्या पर्समध्येच होती. मंगळबिंगळ काही नसलेली, अगदी माझ्यासारखी.

"मामा, पोरीला मंगळ हाय," मी म्हणाले. "कडक."

बहिणीनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

मामा हळहळले. "अरारा! मंग मंगळाचाच पोरगा बघावा लागल. तवर शिकू द्या तिला."

मुलगी पुढे उभी राहून फ्लेक्सचा फोटो काढत होती. तिच्याकडे पाहिलं आणि खरं सांगते, मला तिचाही हेवा वाटला.