लिहायला उघडलेली फाइल

जावा या संगणकभाषेच्या प्रात्यक्षिकात सायलीने मला हाक मारली. “मॅडम, फाइल रिकामी झाली. मी तर अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं.”

आजारपणात तिची आई जे बोलायची, ते सायलीने टाइप करून ठेवलं होतं. आई गेल्यावर सरावाला तीच फाइल घेतली. प्रोग्रॅममधून लिहायला उघडलेली फाइल आधी कोरी होते, मेली विचारतसुद्धा नाही. जुन्याच्या पुढे लिहायचं तर तसं मुद्दाम सांगावं लागतं; तेवढंच तिचं राहिलं.

“दुसरी प्रत आहे?”

“नाही. तेवढी एकच होती.”

माझे बाबा गेले, त्याच संध्याकाळी आम्ही त्यांची खाट हलवली. तिथे काय ठेवायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जागा अजून मोकळीच आहे.

सायलीने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर एकही चूक दिसली नाही.