वादी, प्रतिवादी आणि अमेरिकेचं गृहयुद्ध

चाळिशी ओलांडल्यावर मी एलएलबीला प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, मग सिविल लाइंसमध्ये एका वकिलांकडे टायपिंगची नोकरी, संध्याकाळी घमापुरला घरी परतून स्वयंपाक. तो आटोपला की जेवायच्या टेबलावर अभ्यास. समोर माझी लेक. तिची बारावी, माझं दुसरं वर्ष. त्या वयाच्या मुली आईसोबत अशा बसत नाहीत हे मला ठाऊक होतं. हे टिकवायचं तर तिच्या अभ्यासात नाक खुपसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

ते शाळेच्या प्री-बोर्ड परीक्षेच्या आधी मोडलं.

"आई, गृहयुद्धाचे परिणाम ध्यानातच राहून नाही राहिले. सगळे मुद्दे सारखेच वाटतात."

मी ताबडतोब खुर्ची पुढे ओढली. कायद्याच्या पेपरात उत्तर लिहायची आमची रीत ठरलेली: आधी घटना, मग वादाचा मुद्दा, मग कायदा, शेवटी निर्णय. तीच तिला शिकवली. उत्तरेकडची राज्यं वादी, दक्षिणेकडची प्रतिवादी. माणूस ही माणसाची मालमत्ता असू शकते का, हा वाद. तिला मजा आली. मलाही.

निर्णयापाशी तिने पेन थांबवलं. "गुलामी कायद्याने गेली. मग दुसऱ्या दिवशी ते लोक गेले कुठे?"

"जाणार कुठे? जमीन फारशी कोणाला मिळाली नाही. पुष्कळ जण जुन्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबले."

"मग निर्णय झाला काहून म्हणायचा?"

ऑफिसात पक्षकार रोज रडायचे की कोर्टाची डिक्री मिळाली, पण जागेचा ताबा मिळत नाही. ते मी तिला सांगितलं आणि भाजी निवडायला घेतली.

प्री-बोर्डचा पेपर तपासून आला. गृहयुद्धाचं उत्तर तिने वादी-प्रतिवादी मांडूनच लिहिलं होतं. त्या उत्तराला शून्य. समासात लाल शाईने "यह कचहरी नहीं है।" इतिहासाच्या मॅडमनी ते वर्गात वाचूनही दाखवलं होतं. मुली तिला "वकील साहिबा, तारीख कब है?" म्हणून चिडवायला लागल्या.

लेकीने पुस्तकं उचलली आणि आतल्या खोलीत पलंगावर नेली.

मग माझाही अभ्यास होईना. एकच कलम पुन्हा पुन्हा वाचायचे. उठून पाणी प्यायचे, दाराची कडी बघायचे, तिच्या खोलीपर्यंत जाऊन परत यायचे. शेवटी म्हटलं, "पालकसभेत मी बोलते मॅडमशी."

"अजून नाक कापायचं बाकी आहे काय? यायचं तर ये, पण एक शब्द बोलायचा नाही."

पालकसभेत मॅडमनी तो पेपर काढून माझ्यासमोरच ठेवला. "ये आपने लिखवाया था?"

मी शब्द पाळला. पर्सची चेन उघडत-लावत बसले.

"मैडम, वादी-प्रतिवादी मम्मी का था," लेक म्हणाली. "आखिरी पैराग्राफ मेरा है। उसमें क्या गलत है?"

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा वाचत होते. तिने लिहिलं होतं, दक्षिणेत केंद्राची फौज होती तोवर नवे कायदे थोडेफार पाळले गेले. फौज माघारी गेल्यावर काळ्या लोकांचे हक्क एकेक करून काढून घेतले. म्हणजे निकाल लागला, पण बजावणी करणारा उरला नाही. फौजेचं मी सांगितलं नव्हतं. तिने ते कुठून तरी स्वतः वाचलं होतं.

"गलत कुछ नहीं," मॅडम म्हणाल्या. "पर बोर्ड में जाँचने वाले को इतना सब्र नहीं होता, बेटा। पहले किताब के मुद्दे, फिर ये।"

"और नंबर?"

"नंबर वही रहेंगे।"

परत येताना कमानिया गेटच्या गर्दीत ती माझ्या पुढे चालत होती. एकदाही वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी मी टेबलावर एकटीच होते. ती बाहेर आली, इतिहासाचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि उभ्यानेच म्हणाली, "उत्तरं मी देईन. तू फक्त विचारायचं. मधे बोललीस तर मी उठली."

"बरं."

"अच्छा, विचार."

"फौज परत काहून गेली?"

ती बसली, कपाळाला हात लावून विचार करायला लागली. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले.