गप्प होणारी घंटा

हँडल फिरवून माझा दंड भरून आला होता. घंटा टणटण वाजत होती. आणि सेपरेटरच्या दोन्ही तोट्यांतून सारखंच पांढरं दूध पडत होतं. एका तोटीतून क्रीम यायला हवं होतं.

शनिवार होता. हॅमिल्टन शहरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी हे मशीन मार्गारेटच्या फार्मवर पोचवायचं होतं. तिची आई जॉइस नव्वदीची होत होती आणि वाढदिवसाला तिला हेच मशीन पुन्हा एकदा फिरवायचं होतं.

मी दुधाच्या कारखान्यांतले मोठे सेपरेटर दुरुस्त करतो. (डेअरीत काम करतो म्हटलं तर या देशात कोपऱ्यावरचं किराणा दुकान समजतात.) सेपरेटर म्हणजे दूध गरगर फिरवणारं भांडं. जड दूध बाहेरच्या बाजूला जातं, हलकं क्रीम मध्ये जमतं, दोन्ही वेगळ्या तोट्यांनी बाहेर पडतात. कारखान्यात हे काम मोटार करते. मार्गारेटचं मशीन पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, हाताने फिरवायचं. जॉइसच्या आजोबांनी ते घोडागाडीतून फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतलं होतं. त्याने गोठ्यात मशीन मांडलं, घरच्याच गाईचं दूध ओतून दाखवलं आणि सांगितलं, "महिनाभर ठेवा. घरातलं कोणीही चालवेल. नाही पटलं तर परत नेतो."

मशीन सोपवताना मार्गारेट म्हणाली होती, "घंटा तेवढी वाजायला हवी हं. आईला ती ऐकायचीय."

घंटा हँडलवरच होती. पितळी टोपी आणि तिच्या आत सुटी गोळी. मी फिरवून बघितलं. हळू फिरवलं की वाजायची, जोरात फिरवलं की बंद पडायची. गोळी झिजून अडकतेय, असं मी ठरवलं. कोणाला विचारलं नाही. जुनी गोळी भंगारात टाकली, नवी घातली, मागे बारीक स्प्रिंग बसवली. स्प्रिंग अडकवायला टोपीला भोक पाडलं. आता घंटा कितीही जोरात फिरवली तरी वाजत होती. मी खूश.

पण क्रीम येईना. भांड्याचा आकार बघून त्याला किती वेग लागेल याचा मला अंदाज येतो. वेग मोजायचं यंत्र लावलं, तर मी फारच हळू फिरवत होतो. जोर वाढवला. काटा जागेवर आला आणि तोटीतून पिवळसर, दाट क्रीमची धार लागली.

तेव्हा लक्षात आलं. हाताला ही लय ओळखीची होती. पहिल्या दिवशी घंटा नेमकी याच वेगाला बंद पडत होती.

मी स्प्रिंग काढली आणि पुन्हा फिरवलं. हँडल हळू फिरतं तेव्हा वर येताच गोळी खाली पडते, टण्. पुरेशा वेगाने फिरलं की गोळी बाहेरच्या बाजूला चिकटून राहते, भरलेली बादली गरगर फिरवली तरी पाणी सांडत नाही तशी. घंटा गप्प, म्हणजे वेग बरोबर. गोळीच्या वजनाने फरक पडत नाही, ती मधल्या दांड्यापासून किती लांब आहे याने पडतो. ते अंतर कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी हिशेब करून ठेवलं होतं. पहाटे अंधारात, ओल्या हातांनी दूध काढणाऱ्या बाईला घड्याळ बघत फेरे मोजावे लागू नयेत म्हणून. "कोणीही चालवेल" ही नुसती विक्रेत्याची बडबड नव्हती. कोणीतरी ती खरी करून दाखवली होती, आणि मी तिलाच भोक पाडलं होतं.

मी बॉसला, डॅरिलला, फोन लावला.

"आता चालतंय ना? मग स्वीट ॲज, एकदम झकास. भोक बुजव, पॉलिश मार."

"गोळी मूळची नाही राहिली. त्यांना सांगावं लागेल."

"मिलिंद, तू इंजिनिअर आहेस की पाद्री?"

रविवारी मार्गारेटला सगळं सांगितलं. ती भोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला नको सांगूस. मशीन आईचं आहे."

जॉइस शेडमध्ये खुर्चीत बसली होती. तिला आता फारसं दिसत नव्हतं. मी पुन्हा सगळं सांगितलं. तिने टोपीवरून बोट फिरवलं, भोकापाशी थांबली.

"हे तुझं?"

"हो. माफ करा."

"आणि आता ती गप्प कधी होते?"

"व्हायला हवी तेव्हाच."

"ते मी ठरवीन."

ती उठून फिरवायला लागली. टण्, टण्, टण्. चेहरा लाल झाला, घंटा काही थांबेना. मला वाटलं, मी अजून काहीतरी बिघडवून ठेवलंय.

"मॉम, पुरे," मार्गारेट म्हणाली.

"घंटा बरोबर आहे. मी हळू आहे. तू बघत काय उभी आहेस? हात लाव."

मार्गारेटने आईच्या हातावर हात ठेवला. दोघी फिरवू लागल्या. टण्, टण्. मग एक टण् चुकली. मग एकही नाही. नुसती भांड्याची घरघर.

"आता दूध सोड," जॉइस मला म्हणाली.

मी वरच्या दुधाच्या टाकीची तोटी उघडली. थोड्या वेळाने क्रीम आलं. बारीक धार, पण दाट. जॉइसने त्यात बोट बुडवून चाटलं.

"भोक राहू दे. तेल सोडायला बरं पडेल."

तेव्हापासून दुरुस्तीला काहीही आलं की मी काय बिघडलंय हे नंतर विचारतो. आधी विचारतो, यातलं काय ठीक चाललंय?