भिडूशी बोलायचं नसतं

कोणावर काही लिहावं एवढा माझा वकूब नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहतो, त्या घरमालक काकांबद्दल एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकतो: अख्ख्या रत्नागिरीत असा भिडूवेडा माणूस दुसरा सापडायचा नाही.

काकांच्या मते जगात एकट्याने काही करूच नये, प्रत्येक कामाला भिडू लागतो. चहाच्या दुसऱ्या कपासाठी ते काकूंविरुद्ध माझे भिडू होतात, आणि मी पंखा चालू ठेवून कॉलेजला गेलो की काकूंचे भिडू होऊन माझ्यावर उलटतात. आंब्याच्या मोसमात माकडांविरुद्ध त्यांची जोडी शेजारच्या कुत्र्याशी जमते. कुत्रा भलत्याच झाडाकडे बघून भुंकला की काका कपाळाला हात लावतात. "मेल्याला उतारी कळत नाही!" उतारी म्हणजे डावात आधी टाकायचं पान; ही सगळी भाषा मेंढीकोटाची. पत्त्यांच्या या खेळात समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात, आणि त्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं, खूण तर मुळीच करायची नसते. काका दुपारी ओटीवर चौघांची पानं वाटायचे आणि चारही हात स्वतःच खेळायचे. समोरच्या रिकाम्या खुर्चीची पानं मात्र तिची पाळी येईपर्यंत बघायचे नाहीत. खुर्चीने चुकीचं पान टाकलं, तर दिवसभर तिच्याशी अबोला.

ती खुर्ची मिरकरवाड्यातल्या त्यांच्या दोस्ताची, हे मला काकूंनी सांगितलं. दोस्त बोटीवरच्या नोकरीतून परतलेले, तरुणपणापासूनचे भिडू. एका डावात ऐन वेळी ते खोकले. काका म्हणाले, "खूण केलीस." दोस्तांनी पानं खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेले ते गेलेच.

"खोकला खरा होता हो," काकू म्हणाल्या. "मी काढा करायलाच उठले होते. पण यांना सांगणार कोण?"

माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुरू झाला आणि काका माझ्या खोलीत मुक्कामाला आले. प्रकल्प असा: संगणकावर बेटं-बंदरं जिंकायचा एक खेळ, त्यात चार एआय एजंट चार रंगांची राज्यं चालवतात. त्यांना एकमेकांना निरोप पाठवून युती करता यावी, मोडताही यावी, यासाठी मी एक साधन बनवत होतो. काकांनी पहिली हरकत घेतली ती शब्दाला. "युती पुढाऱ्यांची. तू भिडू लिही." मी लिहिलं. मग त्यांनी एजंटांचे लांबलचक निरोप वाचले आणि ओरडलेच, "अरे, हे बोलतायत! भिडूशी बोलतायत!"

"काका, बोलता यावं म्हणूनच तर हे साधन आहे."

"मग यांना पान बघून काय कळतं, डोंबल?"

तरी रोज यायचेच. निळा त्यांना आवडायचा नाही. "दिसतो गरीब, पण आतल्या गाठीचा." आणि निळ्याने एकदा खरंच युती मोडून हिरव्याचं बंदर घेतलं. थोड्या वेळाने लाल दोघांवर चालून आला, तसा निळ्याने हिरव्याला निरोप पाठवला: मी युती मोडली ही माझी चूक होती, पुन्हा एकत्र येऊ या.

"लाज नाही रे याला?"

"त्याला लाज कुठली, काका. यंत्र ते."

काका पडद्याजवळ सरकले. हिरव्याचं उत्तर येईपर्यंत उभेच राहिले. उत्तर आलं: आधी बंदर परत दे, मग बोलू.

"बरोबर आहे त्याचं," काका हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. दोस्तांचा नंबर काढलेला होता. "लिही. खोकला खरा होता."

"एवढंच?"

"एवढंच. बंदर परत दिलं मी."

निरोप गेला, पण त्याच्यापुढे एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी काही येईना. काका येता-जाता विचारायचे, "दुसरी आली?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "रेंज नसेल." रेंज तर भरपूर होती. ओटीवर पानं वाटायचं त्यांनी बंद केलं. माझी तोंडी परीक्षा झाली, साधन सगळ्यांसमोर नीट चाललं, आणि मी पेढे घेऊन आलो, तर पेढा हातात धरून काकांनी तेच विचारलं. मला राग आला नाही. माझ्या परीक्षेचा निकाल तरी लागला होता.

परवा दोस्तांच्या मुलाचा आवाजी निरोप आला. अब्बा एवढे दिवस दुबईला माझ्या बहिणीकडे होते, तिथेच डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण फारसा उपयोग नाही, पत्त्यांवरचं काही आता त्यांना दिसत नाही. तुमचा मेसेज मी वाचून दाखवला. शुक्रवारी नमाज झाली की मी त्यांना घेऊन येतो.

काकांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

"पानं दिसत नाहीत म्हणाला," ते म्हणाले. "माणूस दिसतो का रे त्याला?"

ते काही निरोपात नव्हतं.