टेबलापलीकडून पाय दिसत नाहीत

“दुखत असतं तर माणूस असा हसला असता का?”

डॉक्टर हे माझ्या बापाला, आबाला, विचारत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरला विचारत होते. दोघं हसले. मग आबाही हसला. तो तर आधीपासूनच हसत होता.

डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात आबा ट्रकवर ड्रम चढवायचा. त्या दुपारी फळीवरून ड्रम निसटला आणि त्याच्या पोटावर आला. मी डबा घेऊन गेटवर पोचले तेव्हा त्याला कारखान्याच्या डॉक्टरकडे नेत होते. मी मागे गेले. तेरा वर्षांची होते. आबा टेबलासमोर उभा राहिला. खुर्ची रिकामी होती, पण बस असं कुणी म्हणालं नाही आणि न सांगता बसायची आम्हाला सवय नव्हती. हात छातीशी जोडलेले. मान जराशी तिरकी. तोंडभर हसू.

“कुठे दुखतंय?”

“काय न्हाय साहेब. बरं हाय.”

मी खाली बघितलं. आबाच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत वाकून रुतला होता. नख पांढरंफटक पडलं होतं.

आमच्या घरात आबाचं दुखणं अंगठ्यावरून कळायचं. दाढ ठणकू दे, पाठीत उसण भरू दे, तो तोंडानं कधी बोलला नाही. आई त्याच्या पायाकडे बघायची आणि शेकायला वीट तापत ठेवायची. तोंड बाहेरच्यांसाठी होतं, पाय आमच्यासाठी. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला पाय दिसत नाहीत.

“डॉक्टर, त्यांना लई दुखतंय,” मी म्हणाले.

“तुला कसं कळलं?”

“त्यांचा अंगठा बघा ना.”

डॉक्टरांनी सुपरवायझरकडे बघितलं. “सुट्टीसाठी पोरींनापण पढवून आणतात हे लोक,” सुपरवायझर म्हणाले.

हे लोक. कागदाच्या पुडीत दोन गोळ्या मिळाल्या. आबानं वाकून नमस्कार केला. वाकताना त्याच्या घशातून आवाज निघाला, तोही त्यानं हसण्यात मिसळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणच्या दवाखान्यात नेईपर्यंत आबा गेला. आत रक्त साठलं होतं, असं तिथल्यांनी सांगितलं.

ते हसू आबाचं नव्हतं. त्याच्या बापाचं होतं. आमचं घर गावकुसाबाहेरचं. चावडीपुढे मार पडायचा तेव्हा जो ओरडला त्याला उलटून बोलला म्हणून आणखी पडायचा. जो डोळे वर करून बघायचा त्याची तर धडगतच नव्हती. जो हसला, त्याच्यावर थुंकून सोडून द्यायचे. म्हणून आजोबांनी आपल्या पोराला हसायला शिकवलं, नदीकाठचे लोक पोराला पोहायला शिकवतात तसं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. आमचं तोंड दाबायलाही कुणी लागत नव्हतं.

गावात मारणाऱ्याला त्या हसण्याचा अर्थ ठाऊक होता. डोंबिवलीतल्या साहेबांना नव्हता. त्यांनी ते आपल्या घरातल्या हसण्यासारखं वाचलं. माणूस हसतोय, म्हणजे बरा आहे. आम्हाला मात्र त्यांच्या भुवईचा अर्थ कळायचा, खाकरण्याचा कळायचा, नुसतं घड्याळाकडे बघण्याचाही कळायचा. पोट त्याच्यावर होतं, शिकावंच लागायचं. आमचं वाचायला शिकावं, असं त्यांच्यातल्या कुणाला कधी वाटलं नाही.

शीळफाट्याच्या रस्त्याला आमची भाड्याची खोली होती. आबाला अंगणात ठेवलं होतं. आई दगडासारखी बसलेली. घरमालकीण आगरी काकी धावत आल्या. त्यांच्याकडे मयताला गळा काढून रडतात. गेलेल्याशी बोलत बोलत, छाती पिटत, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं. एरवी आम्हाला वरून पाणी ओतणाऱ्या काकींनी त्या दिवशी आईला दोन्ही हातांनी कवटाळलं.

“रर गो बाय, रर.” रड म्हणत होत्या.

आईचा पहिला हुंदका बाहेर पडला आणि तेवढ्यात सुपरवायझर हार घेऊन आले. सोबत कारखान्यातला एक बाबू. दोघं हात पुढे बांधून, मान खाली घालून गप्प उभे राहिले. त्यांच्यात दुःख असं दाखवतात. आईला त्यांचे बूट दिसले. तिनं हुंदका गिळला. उठली, पदर सारखा केला, हात जोडले. आणि हसली.

नवऱ्याच्या मढ्याशेजारी उभी राहून माझी आई साहेबांकडे बघून हसली.

“यांना काही वाटतच नाही,” सुपरवायझर बाबूला म्हणाले. हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं.

मामानं मला कोपरानं ढोसलं. “साहेब आलेत. तोंड नीट कर.”

आणि माझे ओठ हलले. खरंच हलले. बाप समोर पडलेला, आणि माझे ओठ गालांकडे निघाले. मला माझ्याच तोंडाची शिसारी आली. मी खालचा ओठ दातांत धरला, रक्त येईपर्यंत. सुपरवायझर माझ्याजवळ आले तेव्हा मी डोळे वर केले. त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि काकींसारखा गळा काढला.

“तुम्ही माझ्या बापाचा अंगठा बघितला नाही.”

“पोरगी उद्धट आहे,” ते म्हणाले. हार ठेवून गेले.

पुढे कारखान्यानं सांगितलं, कामावर काही झालंच नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं होतं. माणूस हसत होता.

गेटपासावरचा फोटो मोठा करून आईनं भिंतीला लावला. त्यातही तो हसतोय. येणारेजाणारे म्हणतात, किती हसरा होता तुझा बाप. मी खूप आठवून बघते. पगाराच्या दिवशी जिलबीची पुडी पाठीमागे लपवून दारात उभा राहायचा, ते हसू तरी खरं होतं का? मला सांगता येत नाही. त्यांनी माझा बाप नेला, आणि त्याचं एक हसूसुद्धा माझ्याकडे धड राहू दिलं नाही. याचं दुःख आजही अंगातून जात नाही. फोटो छातीपर्यंतच आहे.

आता नव्वदचं दशक सरत आलंय. मी डोंबिवलीतच एका बिल्डिंगमध्ये राहते. आई माझ्याजवळ असते. मुलगी पाच वर्षांची आहे. परवा ती जिन्यावरून पडली. गुडघा फुटला. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब खाली येत होते.

“लागलं का गं?”

मुलगी उठून उभी राहिली. मान तिरकी केली. त्यांच्याकडे बघून हसली. “नाही काका.”

मी तिला हे शिकवलं नव्हतं. पण घरात आई आहे. आई अजून पोस्टमनलासुद्धा तशीच हसते, आणि तिला मी काय सांगणार? मी मुलीच्या पायाकडे बघितलं. अंगठा वाकला होता.

मी तिथंच पायरीवर बसले. तिचा पाय हातात घेतला.

“दुखतंय ना?”

तिनं मान डोलावली.

“मग रर. यांच्यासमोर रर. मोठ्यानं.”

“अहो, कशाला रडवताय पोरीला?” साहेब म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. हसले नाही. आधी मुलीचे ओठ थरथरले, मग तिनं असा गळा काढला की मजल्यावरची दारं उघडली. लोक बघायला लागले. मी तिला गप्प केलं नाही, कुणाची माफी मागितली नाही. हे हसू माझ्यापुढे जाणार नाही. त्यासाठी सगळी बिल्डिंग जागी करावी लागली तरी करीन.