मागल्या दाराची खानेसुमारी

"तिथंच थांब. वारं कुठून येतंय बघ आणि त्याच्या खालच्या अंगाला उभी राहा."

ओव्हरसियर साहेबाचं माज्याशी पयलं बोलणं ह्ये. नगरपालिकेच्या मागल्या अंगणात. मी आपणहून गेले न्हवते, त्येनंच शिपाई धाडून बोलावलं हुतं. तरी मी मुकाट्यानं वारं बघितलं. किल्ल्याकडनं येत हुतं. चिंचेखाली सरकले. माजी पोरगी हौसा लुगडं धरून संगं सरकली. पाच वर्साची. तिच्या हातात तिच्या बानं बांधून दिल्याला इवलासा खराटा. ख्येळायला दुसरं काय हुतं आमच्यात?

लढाईचं दिस हुतं. साताऱ्यात माणूस वाढत चाललं हुतं. वरनं हुकूम आला म्हणं, पंचवीस वर्सांनी ह्या गावाला किती घरं लागत्याल त्येचा अंदाज काढा. पुढचा अंदाज काढायचा तर आज माणसं किती, ह्ये नगं का ठावं? कारकून दारोदार हिंडला. लोकांनी त्येला खुशाल थापा मारल्या. घरपट्टी वाढंल म्हणून भाडेकरू लपवलं. सतरा माणसांच्या घरानं "आम्ही पाचच जण" म्हणून सांगितलं.

पुढल्या दारानं खोटं बोलता येतं. मागल्या दारानं न्हाई. मागल्या दारानं मी जायाची, संडासाचं डबं काढायला. रोज उचलणाऱ्याला कळतं ह्या घरात माणूस किती. पावनं कवा आलं, कवा गेलं, बाळंतीण कुठं हाय, हगवण कुणाला लागलीय. समदं माज्या डोक्यावरनंच जायाचं. साहेब हुशार. त्येला ह्ये सुचलं.

आठ दिस त्यो इचारायचा, मी लांबनं वरडून सांगायची.

"देवळासमोरचं घर?"

"चौदा, साहेब."

"ते तर सहा म्हणाले."

"सा जणांचं न्हाई त्ये."

कारकून नाकाला रुमाल लावून फिदीफिदी हसायचा. साहेब मातर लिवून घ्यायचा.

खोटं कशाला बोलू? मला लय बरं वाटायचं. उभ्या जल्मात माजं बोलणं कुणी कागदावर घेतलं न्हवतं. घरी यिऊन मालकास्नी सांगायची, "आवं, साहेब मला इचारल्याबिगार आकडा लिवत न्हाई." मालक म्हणायचं, "हरभऱ्याच्या झाडावर चढू नगंस."

पर मी चढलेच. गावचा समदा मैला टाकत्यात त्या खताच्या डेपोच्या कडंला एका पत्र्याच्या शेडात आमी चार घरं ऱ्हायचो. मधी गोणपाट. माजी दोन बाळंतपणं त्या गोणपाटाआड झाली, त्यातली एकटी हौसा जगली. एक दिस धीर करून इचारलं, "साहेब, नव्या घरांत आमास्नीबी खोली हाय का?"

"आहे की. तुम्हाला विसरून कसं चालेल?"

त्या दिशी घरी यिऊन मी पावलांनी जागा मोजली. चूल हितं. रांजण तितं. दार असंल, दाराला आतनं कडी असंल. हौसाला म्हणलं, कडी तू लावायचीस.

नवव्या दिशी वऱ्हांड्यात मेंबर लोक जमलं. कुणाला आकड्याचा संशव आला तर इचारायला म्हणून मला चिंचेखाली उभी केलेली. साहेब एकेक पेठ वाचत गेला. सांगितलेलं माजंच हुतं. मी कान दिऊन ऐकत हुते, आमची खोली कवा येतीया म्हणून.

आली.

"झाडूवाले. आज चौदा. पंचवीस वर्षांनी एवढ्या वस्तीला चाळीस लागतील. त्यांच्या खोल्या खताच्या डेपोला लागूनच."

एक मेंबर म्हणला, "एवढे आणायचे कुठून?"

"आणायला नकोत. यांचीच पोरं होतील तोवर तयार."

मेंबरानं हौसाकडं बोट केलं. "ही बघा, एक तर हत्यारासकट आलीच!"

समदी खो खो हसली. हौसाबी हसली. खाली पडल्याला चिंचेचा पाला ती त्या खराट्यानं गोळा करत हुती.

मी जेवढी माणसं सांगितली तेवढं डबं वाढलं. डब्यांस्नी डोकी लागणार. त्यात ह्यांनी माज्या पोरीचं डोकं धरलं हुतं. आन् आठ दिस मोठ्या हौसेनं मीच सांगत बसले. माजी मलाच शिसारी आली.

मी चिंचेखालनं निघाले, वाऱ्याच्या वरल्या अंगाला, नीट पायरीपाशी गेले. कारकून मागं सरला.

"साहेब, त्या चाळिसातनं माजी पोरगी काढा."

"काढून कुठं धरू?"

"पेठंतल्या माणसांत धरा."

त्येनं कागद वरखाली बघितला. खरंच बघितला. "तसा रकाना नाही," म्हणला. रागानं न्हवं, साधं. त्येचाच मला लय राग आला.

"मग हितनं पुढं डबं तुमी उचला, आन् माणसंबी तुमीच मोजा."

"काढून टाका हिला!" मेंबर वरडला. मी पोरीला उचललं आन् पुढल्या दारानं, भर रस्त्यानं घरी आले.

मालक चिडलं. "डोकं फिरलंय का तुजं? खायाचं काय?" त्येंचंबी चूक न्हवतं. मला काढलं न्हाई कुणी. काढून उचलणार कोण? दुसऱ्या दिशी त्योच डबा माज्या डोक्यावर. ह्ये लपवत न्हाई मी.

पर त्या सांजंला हौसाचा खराटा घेतला, मोडला आन् चुलीत घातला. पोरगी पाय आपटून रडली. मी तिला जवळ घेतलं न्हाई. त्येच्यावरच भाकरी भाजली, तिच्या म्होरं ठिवली. "खा," म्हणलं. "आन् परत कवा त्येला हात लावलास तर हात मोडीन."

सकाळी तिला साळंत नेली. मास्तर म्हणला, भाईर बसंल. म्हणलं, आज बसंल.

साहेबानं चाळीस लिवलं. लिवू दे. त्येला एकुणचाळीसच मिळणार.